बिनआवाजाचा उतार

निरीक्षक म्हणून दीपिका हिचामीची निवड झाली ती विद्वत्तेमुळे नव्हे, वजनामुळे. संस्थेचे अध्यक्ष धनराजभाऊ प्राध्यापक-कक्षात आले, बाजारात शेळ्या पारखाव्या तशी त्यांनी अकरा माणसांवरून नजर फिरवली आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या बाईंपाशी थांबून विचारले, "मॅडम, वजन किती तुमचं?"

"त्रेचाळीस किलो."

"बस झालं! तुमीच माझ्या गाडीत."

कक्षात हशा झाला. मराठीचे प्राध्यापक आदेश जिल्ह्यातल्या यच्चयावत समारंभांचे सूत्रसंचालन करीत आणि त्या भरात साधे बोलणे विसरले होते. ते म्हणाले, "वा भाऊ! अखेर गुणवत्तेला न्याय मिळाला." हसणाऱ्यांत दीपिकाही होती. सात वर्षे ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. जितके तास तितके मानधन, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून मानधनही नाही. तिला कायम करण्याची फाईल दोन वर्षांपासून भाऊंच्या टेबलावर पडून होती आणि येत्या सोमवारी तिची मुलाखत होती. अशा माणसाचे हसणे त्याच्या स्वतःच्या मालकीचे नसते.

संस्थेने इंधन बचत सप्ताह जाहीर केला होता. जिल्ह्याला काटकसर शिकवण्याच्या या उपक्रमासाठी बावीस मोटारी, मार्कंड्याला नदीकाठी एक भव्य मंडप, जेवणाची चारशे पाने आणि डिझेलवर रात्रंदिवस धडधडणारे दोन जनरेटर सिद्ध झाले होते. सप्ताहाचा कळस म्हणजे रॅली. धानोऱ्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, जंगलातून गडचिरोली आणि तिथून चामोर्शीवरून मार्कंडा गाठायचे, पोचल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. ब्याऐंशी किलोमीटरला ज्याला सर्वांत कमी पेट्रोल लागले तो पहिला. प्रत्येक मोटारीत स्पर्धकाबरोबर संस्थेचा एक निरीक्षक बसणार होता. निरीक्षक वाटेत उतरून गेला की ती मोटार बाद.

हे सारे नियम दीपिकेनेच लिहिले होते. भाऊंनी सांगितले आणि तिने आठ रात्री बसून नियमावली आणि तिला जोडून एक छोटी पुस्तिका तयार केली. टायरात हवा नेमकी ठेवा, वेग सारखा ठेवा, विनाकारण थांबू नका, कारण उभी गाडी पुन्हा हलवताना सर्वांत जास्त पेट्रोल जळते. अनावश्यक ओझे उतरवा. सातव्या नियमात तिने लिहिले होते की उतारावर इंजिन बंद करू नये. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारा जोर थांबतो, स्टिअरिंग जड होते. आणि मुळात आजकालच्या मोटारी गिअरमध्येच उतरू दिल्या तर उतारावर इंजिनाला पेट्रोल जवळपास जातच नाही, त्यामुळे बंद करून वाचवायचे काय, हा प्रश्नच आहे. नवव्या नियमात तिने आणखी एक बक्षीस सुचवले होते: माणशी सर्वांत कमी पेट्रोल जाळणाऱ्या गाडीला.

भाऊंनी वाचला तो एवढा एकच नियम. "म्हंजे सतरा-सतरा माणसं कोंबणाऱ्या काळीपिवळी जीपवाल्या जंगूले पहिलं बक्षीस द्याचं का, मॅडम? मंडपात बसवू का त्याले, कलेक्टरच्या बाजूले?" असे म्हणून त्यांनी नववा नियम खोडला आणि उरलेल्यांखाली न वाचता सही ठोकली. त्याऐवजी स्वतःच्या अकलेने एक नियम घातला: विजेत्या मोटारीचे निरीक्षक-पत्रक सर्वांसमक्ष, पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत, मोठ्याने वाचून दाखवले जाईल. पारदर्शकता हा शब्द त्या वर्षी त्यांना फार आवडला होता.

एप्रिलातली सकाळ होती. धानोऱ्याच्या पंपावर भाऊंची पांढरी मोटार उभी होती आणि संस्थेचे दोन शिपाई तिची आतडी काढावी तसे तिच्यातून एकेक वस्तू काढत होते. स्टेपनी निघाली, जॅक निघाला, मागची गादी निघाली, पायपुसण्या निघाल्या. प्रथमोपचाराची पेटी निघाली. पाण्याच्या दोन बाटल्या निघाल्या. दीपिकेच्या खांद्यावरची पिशवीही भाऊंनी दोन बोटांनी उचलून पाहिली.

"हे का आहे इतकं जड?"

"पुस्तक आहे, भाऊ. आणि डबा."

"ठेवा इथीच. मंडपात जेवण आहे ना, पुस्तक तिथी कोण वाचते?"

डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा राहिला. तो प्लास्टिकचा होता. शिपायाने तळहातावर तोलून पाहिल्यावर भाऊंनी त्याला अभय दिले.

बाकीच्या एकवीस मोटारी पुढे गेल्यावर सर्वांत शेवटी भाऊंची गाडी निघाली. काचा बंद, कारण वारा आत घुसला की गाडीला अडवतो. थंड हवेचे यंत्र बंद, कारण ते पेट्रोल खाते. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये दीपिकेच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. भाऊंच्या गळ्याला अत्तर आणि घाम मिळून एक गोडसर, कुजका वास सुटला होता आणि तो बाहेर जायला वाट नव्हती. भाऊ मात्र प्रसन्न होते. त्यांच्यासमोर एक लहानसा हिरवा आकडा लुकलुकत होता. गाडी लिटरला किती धावते आहे ते तो आकडा क्षणोक्षणी सांगत होता, आणि ज्या रस्त्यावर सागाची झाडे दोन्ही बाजूंनी पानगळ होऊन उभी होती, मोहाखाली पहाटेपासून बायका वाकलेल्या होत्या, त्या रस्त्याकडे बघण्याचे भाऊंना काही कारण उरले नव्हते.

"चोवीस पूर्णांक सहा," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "चोवीस पूर्णांक आठ." पाळण्यातल्या लेकराचे बोबडे बोल सांगावेत इतक्या मायेने ते सांगत होते.

जंगलात एका टेकाडावरून रस्ता जवळजवळ तीन किलोमीटर सलग उतरतो. त्याच्या पायथ्याशी, वळणावर, दगडांची एक जुनी रास आहे. जाणारा-येणारा तिथे थांबतो, एखादी हिरवी डहाळी राशीवर ठेवतो आणि पुढे निघतो. चालणारे थांबतात तसे गाड्यांवालेही थांबतात. ज्याला देव मानायचा नसेल तोही थांबतो, कारण पुढचा थांबलेला असतो. त्यामुळे त्या वळणावर आजवर कोणी वेगाने गेले नव्हते. दीपिका याच टापूतली. लहानपणी बापाच्या सायकलच्या दांडीवर बसून तिने इथे किती डहाळ्या ठेवल्या असतील, याचा हिशेब नव्हता.

टेकाडाच्या माथ्यावर भाऊंनी गिअर काढून गाडी मोकळी सोडली आणि किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबले. मग किल्ली अर्धी पुढे करून त्यांनी हिरवा आकडा तेवढा जिवंत ठेवला.

"भाऊ, सातवा नियम," दीपिका म्हणाली.

"कोणता सातवा?"

"इंजिन बंद करता येत नाही. शिवाय काही वाचतही नाही. गिअरमध्ये राहू द्या, पेट्रोल तसंही—"

"मॅडम, मी पंचवीस वर्षं गाडी चालवून राह्यलो. तुमी पुस्तकातून चालवता." ते हसले. "पाहा आता, कसं लोणी आहे."

खरोखरच लोणी होते. एक टन लोखंड सावलीसारखे खाली उतरत होते आणि आवाज कशाचाच नव्हता. टायरखाली वाळलेली पाने मोडण्याची किंचित कुजबूज तेवढी होती, आणि जंगलात पाने तर वाऱ्यानेही कुजबुजतात. दीपिकेला आपल्या श्वासाचा आवाज ऐकू येऊ लागला. तेव्हा तिला भीती वाटली, पण भीतीचे कारण सापडेपर्यंत वळण आले होते.

एक बाई रस्ता ओलांडत होती. डोक्यावर मोहाची भरलेली टोपली, एका हाताने तिला आधार, दुसऱ्या हातात राशीवर ठेवायची डहाळी. टोपलीखाली मान वळत नाही. या जंगलात ओझे वाहणारी बाई डोळ्यांनी नाही, कानांनी रस्ता ओलांडते. कान देऊन ऐकते, काही येत नाही असे ठरले की पाऊल टाकते. तिने ऐकले होते. काही येत नव्हते.

"भाऊ!"

भाऊंनी आकड्यावरून मान वर केली. ब्रेक दाबला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी ब्रेक पायाखाली दगडासारखा घट्ट झाला. स्टिअरिंग वळेना. हॉर्नवर हात गेला तो धक्का बसल्यानंतर. तो वाजलाही, आणि त्या निर्जन वळणावर जे घडून चुकले होते त्याची सूचना त्याने इमानेइतबारे दिली.

बाई राशीच्या पायाशी पडली होती. डावा पाय गुडघ्याखाली असा वळला होता की पाय तसा वळत नाही. मोहाची फुले रस्ताभर सांडली होती आणि मोटारीच्या चाकाखाली सापडलेल्यांचा ओला, आंबूस वास पसरला होता. दीपिकेने धावत जाऊन तिचे डोके मांडीवर घेतले. ओळखीची निघाली: सोमारी, पलीकडच्या पाड्यावरची, साठीची विधवा, मोह, तेंदूपत्ता, चारोळी, जे हंगामाला मिळेल ते गोळा करून एकटी जगणारी.

"पेटी!" दीपिका ओरडली आणि ओरडतानाच तिला आठवले की पेटी धानोऱ्याच्या पंपावर आहे. "पाणी!" पाणीही तिथेच होते.

भाऊ खाली उतरले. त्यांनी आधी बंपर पाहिला. मग म्हणाले, "पाऽर मधात आली बुढी. बहिरी आहे वाटते."

"गाडीत घेऊ हिला. गडचिरोली पंचवीस किलोमीटर आहे."

"कशी घेता? मागं गादी नाही." त्यांनी थोडा विचार केला, आणि तो विचार चेहऱ्यावर स्पष्ट उमटला, कारण लपवण्याची त्यांना सवयच नव्हती. "आणि पन्नास-पंचावन किलो तं भरनच. मॅडम, मागून जंगूची काळीपिवळी येतेच आहे. त्याच्या गाडीत आडवं तरी होता येते. आपल्या गाडीत बुढीले त्रासच होईन."

दहाव्या मिनिटाला काळीपिवळी आली. ती अर्धा कोस दूर होती तेव्हापासून तिचा खडखडाट टेकाडावर ऐकू येत होता. राशीपाशी नेहमीप्रमाणे थांबण्यासाठी जंगूने वेग कमी केला होता. रस्त्यावरचा देखावा पाहून तो उडी मारूनच उतरला. त्याच्या गाडीत सोळा माणसे, दोन बकऱ्या आणि टपावर मोहाची पोती होती.

"कोणाची लागली बुढीले?" मग त्याने पांढरी मोटार पाहिली. "भाऊ, तुमची? हारन नाई वाजवला काऊन?"

"वाजवला ना बे! बहिरी आहे ते."

"सोमारी? बहिरी?" जंगू हसला नाही, पण हसण्याच्या बेतात आला. "अवो भाऊ, हे बुढी मोहाखाली बसून सांगते, जंगूच्या गाडीचा सायलेंसर फुटला म्हणून. अस्वल खोकललं तं मादी का नर ते सांगते हे."

आणि तेव्हा सोमारीने डोळे उघडले. वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "नाई बा. मी आयकलं चांगलं. काईच नव्हतं. मंग आली गाडी." तिने हात उचलून स्वतःच्या कानाला लावला. "कान गेले वाटते माझे. त्याईची चूक नाई."

भाऊंनी दीपिकेकडे पाहिले. साक्षीदार मिळालेल्या माणसाचे ते पाहणे होते.

जंगूने सहा माणसे टपावर चढवली, दोघांना मागच्या फळीवर उभे केले आणि सोमारीला सीटवर आडवी केली. एका पोक्त बाईने लुगड्याचा पदर फाडून पायाला बांबूची काठी बांधली. कोणी तक्रार केली नाही, कोणी वजन विचारले नाही. "बाई, येता का तुमी?" जंगूने दीपिकेला विचारले. "बुढीचं डोकसं धराले कोणी पाहिजे."

दीपिकेचा हात सोमारीच्या कपाळावर होता. निरीक्षक उतरून गेला की मोटार बाद. सोमवारी मुलाखत. जीपमध्ये आधीच सोळा. दुसऱ्या बायका आहेतच. अशी चार वाक्ये एका क्षणात माणसाच्या मनात क्रमवार उभी राहतात आणि प्रत्येक वाक्य खरे असते. शिकलेल्या माणसाचा नीचपणा असाच, पुराव्यांसह येतो. तिने हात काढून घेतला.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी येतेच."

पांढरी मोटार निघाली. मग भाऊ म्हणाले, "पंचवीस पूर्णांक एक. उतारावर सव्वीस झाला होता, थांबल्यानं पडला थोडा, पण निघन भरून." आणखी दोन किलोमीटरनंतर ते म्हणाले, "मॅडम, शेवटचा रकाना कोणता आहे पत्रकात?"

"अकरावा. मार्गातील घटना."

"त्याच्यात निरंक लिहा. बुढीनं स्वतःच्या तोंडानं सांगतलं, कान गेले म्हणून. दवाखान्याचं मी पाहून घेईन, माणूस पाठवतो." आरशात पाहत त्यांनी कपाळाचा घाम टिपला. "सोमवारी तुमची मुलाखत आहे ना? मीच अध्यक्ष आहे. फाईल काल वाचली मी. चांगली आहे. उगीचच पडून राह्यली इतके दिवस."

फाईल उगीच पडून राहिली नव्हती, हे दोघांनाही माहीत होते. असल्या फायली अशाच दिवसासाठी ठेवलेल्या असतात.

गडचिरोलीत जिल्हा रुग्णालयाच्या फाटकावरून गाडी गेली. दीपिका म्हणाली, "पाच मिनिटं." भाऊ म्हणाले, "थांबलेली गाडी उठवाले सगळ्यात जास्त तेल लागते, तुमीच लिहून ठेवलं ना पुस्तकात." तिचेच वाक्य होते; पुस्तिकेतल्या जिंकायच्या युक्त्या तेवढ्या भाऊंनी वाचल्या होत्या. तिने अकराव्या रकान्यात निरंक लिहिले. सातव्यात, उतारावर इंजिन बंद केले काय, यापुढे 'नाही' असे लिहिले. दोन प्रती होत्या, मध्ये कार्बन. वरचा शब्द जितका स्वच्छ उमटला तितकाच खालचाही.

मार्कंड्याला पोचण्याआधीच्या पंपावर टाकी भरली गेली. शिपायांनी गाडी हलवून हलवून पेट्रोल गळ्यापर्यंत बसवले आणि आकडा निघाला: सत्तावीस पूर्णांक चार. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आले. दीपिकेने मनाशी गणित केले, कारण गणित हा तिचा जुना आसरा होता. त्या तीन किलोमीटरच्या उतारावर इंजिन चालूच राहिले असते तर, फार तर, पन्नास मिलीलीटर पेट्रोल गेले असते. टपरीवरचा अर्धा कप चहा. गिअरमध्ये उतरले असते तर तेवढेही नाही. एका बाईचा पाय अर्ध्या कपासाठी मोडला होता, आणि तो अर्धा कपही वाचला नव्हता.

मंडपात जनरेटरांच्या धडधडीत कोणालाच कोणाचे ऐकू येत नव्हते. तिथेच जंगूचा फोन आला. दीपिका नदीच्या बाजूला गेली. वैनगंगेचे पाणी उन्हात खाली गेले होते, वाळू पसरली होती.

"बाई, हड्डी मोडली. पलास्टर लावतील म्हंते," जंगू सांगत होता. "पण एक गोष्ट सांगू? बुढी पायासाठी नाई रडून राह्यली. कानासाठी रडते. डाक्टरले म्हंते, पाय राहू दे, कान तपास. म्हंते, मी आयकलं, काईच नव्हतं, म्हंजे कान गेलेच. आता जंगलात कशी जाऊ म्हंते. अस्वल आलं तं समजन कसं, वाघ आला तं समजन कसं. मोह नाई वेचाचा, पत्ता नाई तोडाचा, मंग खाऊ काय म्हंते. भाऊचा माणूस येऊन बसला इथी, तो डाक्टरले म्हंते लिहा, बुढी बहिरी आहे. बुढी बी हो म्हंते त्याले. मी का करू आता?"

"तिला काही सांगू नका," दीपिका म्हणाली. "संध्याकाळी मी येते. मी सांगते."

पाय मोडला तर तो जुळतो. पण एका बाईच्या हातून तिचे कान, ज्यांच्यावर ती साठ वर्षे जंगलात जिवंत राहिली, ते कान तिच्याच तोंडून कबूल करवून काढून घेणे, हे कोणत्या रकान्यात बसते? दीपिका मंडपामागे एका उलट्या बादलीवर बसली. पत्रक अजून तिच्याजवळच होते. पाकिटात घालून ते आदेश सरांकडे द्यायचे होते. नियम तिचाच: खाडाखोड केल्यास शब्द वाचता येईल असा एका रेषेने खोडावा, शेजारी सही करावी. तिने 'नाही' एका रेषेने खोडले. 'निरंक' एका रेषेने खोडले. दोन्ही ठिकाणी सही केली. मग लिहू लागली, आणि अकरावा रकाना पुरला नाही तेव्हा दोन्ही प्रतींच्या पाठीमागे लिहिले.

सोमवारी आता कायम होणे नव्हते, हे तिला पक्के माहीत होते.

आदेश सरांनी माईक हाती घेतला. त्यांच्या वाणीला अर्थाची फारशी गरज पडत नसे. शब्द येत, ते त्यांना लय देत, लोक त्या लयीला टाळ्या देत. व्यासपीठावर पाहुण्या म्हणून आलेल्या उपविभागीय अधिकारी बाई आणि त्यांच्या शेजारी भाऊ, गळ्यात झेंडूचा हार.

"आणि आता, रसिकहो, तो क्षण! प्रथम क्रमांक! सत्तावीस पूर्णांक चार! आपले लाडके भाऊ!" टाळ्या. "आणि भाऊंच्याच पारदर्शक परंपरेनुसार निरीक्षक-पत्रकाचे जाहीर वाचन! रकाना एक, टायरातील हवा: योग्य! रकाना दोन, सरासरी वेग: योग्य!" प्रत्येक उत्तराला आवाज चढत होता. "रकाना सात! उतारावर इंजिन बंद केले काय? होय! अंतर दोन किलोमीटर नऊशे मीटर! रकाना अकरा, मार्गातील घटना! सोमारी नावाच्या वृद्धेस मोटारीची धडक! इंजिन बंद असल्याने मोटारीस आवाज नव्हता! स्पर्धक आकडा पाहत होता! धडकेपूर्वी हॉर्न वाजवला नाही! जखमीस मोटारीत घेतले नाही! कारण: वजन! प्रथमोपचार पेटी: काढून ठेवलेली! कारण: वजन! निरीक्षक जखमीसोबत गेली नाही! कारण: भीती! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या.

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग कुठेतरी पुढच्या रांगेत कोणाच्या तरी डोक्यात शब्द पोचले, तिथल्या टाळ्या थांबल्या, आणि शांतता हळूहळू मागे सरकत गेली; सर्वांत शेवटी जेवणाच्या पंगतीजवळची माणसे थांबली. अधिकारी बाईंनी हात पुढे करून पत्रक मागितले. आदेश सरांनी ते दिले आणि प्रथमच त्यावर काय लिहिले आहे ते वाकून वाचले.

भाऊ मात्र वीस वर्षे सभा जिंकत आलेले होते. ते उठले, माईक घेतला, हात जोडले. "नियम म्हणजे नियम," ते भरल्या गळ्याने म्हणाले. "स्वतः अध्यक्ष असलो तरी मी बाद! मी हे बक्षीस सोडतो! आणि त्या माउलीच्या उपचाराचा खर्च संस्था करील!" या वेळच्या टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या. आयोजकांनी त्यांना खिलाडूवृत्तीबद्दल शाल आणि श्रीफळ दिले. पहिले बक्षीस त्यांच्या भाच्याला गेले. पंगती बसल्या. श्रीखंड होते.

दीपिका जेवली नाही. कार्बनची खालची प्रत घेऊन ती चामोर्शीहून एसटीने गडचिरोलीला आली आणि आधी पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या हवालदाराने प्रत दोनदा वाचली, तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही संस्थेतच नोकरीला ना, मॅडम?" ती म्हणाली, "आजच्या दिवशी, होय." त्याने जबाब लिहून घेतला.

सूर्य मावळता होता तेव्हा ती वॉर्डात पोचली. सोमारी खिडकीजवळच्या खाटेवर होती, पाय पांढऱ्या साच्यात. भाऊंचा माणूस निघून गेला होता. उशाशी तो ठेवून गेलेली सफरचंदांची पिशवी गाठ मारलेली तशीच होती.

"बाई, तुमचे कान चांगले आहेत," दीपिका खाटेच्या कडेला बसून म्हणाली. "गाडीले आवाजच नव्हता. भाऊनं उतारावर इंजिन बंद केलं होतं. तेल वाचवासाठी."

सोमारीने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. "गाडी चालते बिना इंजिनची?"

"उतारावर चालते."

"मंग मी आयकलं ते बराबर आयकलं. काईच नव्हतं."

"बरोबर ऐकलं. मी लिहून दिलं आहे तसं. पोलिसात पण."

सोमारीने डोळे मिटले. तिच्या छातीतून एक लांब श्वास निघाला, दिवसभर कोणीतरी दाबून धरलेला. मग डोळे न उघडता तिने विचारले, "तू होतीस ना गाडीत? माझं डोकसं मांडीवर घेतलं, ते तूच ना?"

"होय."

"मंग माझ्यासंग काऊन नाई आलीस, पोरी?"

दीपिकेकडे उत्तर होते. ते छापील होते, क्रमांक घातलेले होते आणि तिनेच लिहिलेले होते. ते तिच्या जिभेवर आले आणि तिला त्याची शिसारी आली. तिने ते गिळले.

सोमारीने वाट पाहिली, फार नाही. तिने मान खिडकीकडे वळवली. बाहेर रस्त्यावर मोटारी, स्कूटर, एसटी, सगळ्यांचा एकच गलका होता.

"जंगू आला," ती म्हणाली.

दीपिकेने कान दिला. तिला काहीच ऐकू आले नाही. बऱ्याच वेळाने, फाटकाच्या बाजूने, एक फुटका सायलेन्सर खडखडत आत शिरला.